माझ्या गप बसण्याची चाळीस पानं

हे सांगायची माझी बिलकुल इच्छा न्हाई. पहिल्याच ओळीत सांगून मोकळा होतो.

मंठ्याला एक संपादक हाय, दिवाळी अंक काढतो. तो तीनदा आला. पहिल्यांदा मी शेतात गेलोय म्हणून निरोप दिला. मी घरातच होतो. दुसऱ्यांदा झोपलोय म्हणून सांगितलं. तिसऱ्यांदा तो दारातच बसला, आन् आमच्या घरातल्या बाईनं त्याला चहा दिला. एकदा चहा दिला की माणूस पाव्हणा होतो. मंग हाकलता येत न्हाई.

"नाना, तुमच्या नाटक मंडळीचे किस्से सांगा," म्हणला.

किस्से कसे साठतात, ऐका. आमच्याकडं कापूस निघाला की पऱ्हाट्या उपटून घरामागं रचून ठेवतात. दरसाल वाटतं, जाळून टाकू. जाळत कोणीच न्हाई. ढीग घराच्या वर जातो, आन् एक दिवस त्यातून साप निघतो. ह्या ढिगातला साप शेवटी निघणार हाय. तो मलाच चावलेला हाय.

मी बोलून राह्यलो, सूनबाई लिहून राह्यली. मी माझ्या हातानं का लिहीत न्हाई, ते पुढं कळंल.

*

आमचं गाव मंठा तालुक्यात. भैरोबाच्या जत्रेला गावातलीच माणसं नाटक करतात. नाटक एकच, दरसाल तेच : 'मायचा बांध'. शाळेतल्या जुन्या गुरुजींनी वहीत हातानं लिहिलेलं. दोन भाऊ बांधावरून भांडतात, एक मरतो, माय रडते, संपलं. गोष्ट सोपी. पण सोपं लिहिलं तर आपल्याला गुरुजी कोण म्हणंल, अशी त्यांना भीती असावी. म्हणून औत हाकणारा हिरो भावाला म्हणतो, "हे कृतघ्न बंधो!" आमच्या शिवारात बैलालासुद्धा असं कोणी म्हणलेलं न्हाई.

हिरो संपत. माझा लंगोटीयार. आवाज असा, की हिकडं ओरडला तर तिकडं शहागडच्या पुलावर ट्रकवाला ब्रेक दाबंल. पण डोक्यात एक वाक्य राहत न्हाई. म्हणून पडद्याआड वही घेऊन प्रॉम्प्टर लागतो. प्रॉम्प्टरनं हळूच वाक्य वाचायचं, हिरोनं ते मोठ्यानं म्हणायचं.

ते काम माझ्याकडं आलं. का? तर मी रोज सकाळी हॉटेलात पेपर उघडून बसायचो. गावाला वाटायचं, दगडूनाना वाचणारा माणूस हाय. मी फोटो बघायचो! शिकलो चवथी, ती पण गुरुजींनी दया करून पुढं ढकललेली. साधं वाक्य बोट ठेवून येतं. अवघड शब्द आला की गाडी चिखलात. आता गावानं एवढा मान दिल्यावर "मला वाचता येत न्हाई बराबर" असं म्हणायचं कसं? तोंडात आलेलं गिळलं. ते तीस वर्षं पोटातच होतं.

महिनाभर घरी तालीम केली. मी चुलीजवळ बसून वही वाचायचो, आमची कौसाबाई भाकरी थापायची. एक दिवस म्हणली, "आवो, तुमच्या एका पानाला माझ्या पाच भाकरी झाल्या. एवढं सावकाश?"

"मी भाव धरून वाचतो," मी म्हणलो. "तुला न्हाई कळायचं."

तिनं मान डोलावली. हिला पटलं, असं मी समजलो.

जत्रेत तिसरा अंक रंगला. संपत बांधावर उभा, उजवा हात आभाळाकडं. आन् वहीत नेमका गुरुजींनी असा एक शब्द घातलेला, की त्याचं डोकं कुठं आन् शेपूट कुठं, मला घावंना. मी गप. मी गप म्हणून संपत गप. हात वरच. मी वही बल्बाजवळ नेली, लांब धरली, घाम पुसला. शब्द तिथंच! समोर सगळं गाव चिडीचूप. रडणारी लेकरंसुद्धा थांबली.

तेवढ्यात बायांच्या बाजूनं कोणीतरी ओरडलं, "आवो, मायचा हाय म्हणा की बांध!"

आवाज कौसाबाईचा. महिनाभर ऐकून ऐकून तिला अख्खं नाटक पाठ झाल्तं. संपतनं लगेच तोफ डागली : "हा बांध तुझा बी न्हाई, माझा बी न्हाई! हा मायचा हाय!"

गाव उठून उभं राह्यलं. बायांनी पदर डोळ्याला लावले.

दुसऱ्या दिवशी हॉटेलात जो तो संपतला म्हणतोय, "काय गप उभा राह्यला रे! काळजात कळ आली!" संपतनं माझ्याकडं पाह्यलं. मी पेपरातल्या फोटोकडं पाह्यलं. संपत म्हणला, "ते मी ठरवून केलं."

पुढच्या साली ते वाक्य मला तोंडपाठ होतं. पण गावानं ताकीद दिली : "त्या जागंला तू गप बसायचं, कौसाबाईनं ओरडायचं!" तेव्हापासून दरसाल मला येत असलेलं वाक्य येत नसल्यासारखं करावं लागतं. जन्मात एक वाक्य धड शिकलो, तेच वाचायची बंदी!

*

काही सालांमागं जालन्याहून कॉलेजचे वरुडकर सर आले. पिक्चर, सिरियल, तमाशा, लग्नाचा बँड, लोक ज्याला टाळ्या वाजवतील त्याच्यावर ते लिहितात. माणूस गोड. हातपंपावर स्वतः पाणी हापसतील, वाकळेवर झोपतील, ठेचा खाऊन डोळ्यातून पाणी काढतील पण नको म्हणणार न्हाईत. फक्त एक खोड. त्यांना कुठलीच गोष्ट नुसती दिसत न्हाई. चहात माशी पडली तर विचारतील, माशीनं हाच कप का निवडला?

पहिल्या साली त्यांना आमचा पडदा भावला. आमचा पडदा अर्धाच पडतो. अंक संपला तरी सगळ्यांचे पाय दिसत राहतात. मेलेला भाऊ उठून पायानं चप्पल शोधतो, ते अख्ख्या गावाला दिसतं.

पडदा, लाईट, जनरेटर हे सगळं उस्मानभाईकडं. सर त्याच्याकडं गेले.

"तुमचा अर्धा पडदा फार बोलतो. सत्य कधीच पूर्ण झाकता येत नाही, असं म्हणायचंय ना तुम्हाला?"

"न्हाई सर. दोरी छोटी पडती."

"पण दोरी छोटी का?"

"आधी बराबर होती. निम्मी कापून बकरीला बांधली."

सरांनी वही काढली. "बकरी कोणाची?"

"आमचीच की!"

पुढं ते पुस्तकात छापून आलं : 'पडद्याची निम्मी दोरी श्रमिकांच्या उदरनिर्वाहाकडे वळलेली आहे.' सूनबाईनं उस्मानभाईला वाचून दाखवलं. त्यानं बराच वेळ दाढी खाजवली.

"बात तो सही है नाना," म्हणला. "लेकिन बकरी तो मैंने कब की बेच दी."

"मंग आण की ती दोरी परत!"

"अब कैसे लाऊँ? किताब में छप गई ना!"

*

मायचं काम भीमराव करतो. अंगानं बारीक, आवाज नाजूक. लुगडं असं चापून नेसतो, की नव्या सुना बघून शिकतात. अडचण एकच. मिशी! आमच्याकडं बाप जिता असताना मिशी काढत न्हाईत. आन् भीमरावचा बाप खणखणीत. दरसाल पहिल्या रांगेत बसायचा, नाटकापेक्षा लेकाच्या मिशीवर जास्ती नजर. म्हणून आमची माय तिन्ही अंक तोंडावर पदर घेऊन रडायची.

सर हे बघून खुर्चीतून उठलेच. "मुख झाकलेली माता! जिला कधी बोलूच दिलं गेलं नाही!"

मी म्हणलो, "सर, ती तिन्ही अंक बोलतीच की. तिचीच वाक्यं वाचून माझं तोंड दुखतं."

"बोलते हो. पण झाकलेल्या तोंडानं!"

मी वही काखेत मारून चहाला गेलो.

दुसऱ्या साली उन्हाळ्यात भीमरावचा बाप गेला. जत्रेला भीमराव सफाचट चेहऱ्यानं, उघड्या तोंडानं स्टेजवर आला. सरांचा चेहराच उतरला. नाटक संपल्याबरोबर ते मागं आले आन् भीमरावचा हात हातात घेतला.

"फार मोठी हानी झाली हो. आता पुन्हा ते होणे नाही."

भीमरावचे डोळे भरून आले. "व्हय सर. पण वय झाल्तं त्यांचं. शेवटपर्यंत चालतेफिरते होते, हेच समाधान."

दोघं बराच वेळ हात धरून उभे होते. दोघांचं बी दुःख खरं होतं, म्हणून मी मधी पडलो न्हाई.

*

मरणाऱ्या भावाचं काम विलास करतो. त्याच साली तो मायच्या मांडीवर डोकं ठेवून नुकताच मेला होता. छातीवर लाल रंग, भीमराव हंबरडा फोडून राह्यलेला. तेवढ्यात माईकवर पुकारा झाला : "रस्त्यात लाल ट्रॅक्टर लावलाय, त्यानं जल्दी काढावा! मुक्कामी एसटी अडकलीय!"

मेलेल्या विलासनं एक डोळा उघडला. "माझाच हाय," म्हणला.

आन् उठला! कमरेची किल्ली काढली, लोकांमधूनच वाट काढत गेला. भीमराव हुशार. रडता रडता म्हणला, "जा माझ्या लेकरा, लवकर ये!" गावानं टाळ्या वाजवल्या. विलास ट्रॅक्टर बाजूला लावून आला, परत मांडीवर डोकं ठेवलं, पाय झाडले आन् मेला. भीमरावनं जिथं सोडलं होतं तिथून हंबरडा उचलला.

सर वही घेऊन मागं धावत आले. "मृत शेतकरी यंत्रासाठी उठतो! नाना, हे कोणी सुचवलं?"

"एसटीच्या कंडक्टरनं," मी खरं ते सांगितलं. "पण सर, तो परत येऊन मेला, त्याचं काय?"

सरांनी सुस्कारा सोडला. "तेच तर आपलं वास्तव आहे, नाना."

वास्तवाचं मला म्हाईत न्हाई. पण छातीला लाल रंग फासलेला माणूस अंधारातून येतो, काही न बोलता ट्रॅक्टर काढतो आन् निघून जातो, हे त्या एसटीच्या ड्रायव्हरनं बघितलं. तो नवीन होता, भोकरदनकडचा. दुसऱ्या दिवशी पहाटं गाडी चालू करायच्या आधी त्यानं भैरोबाला नारळ फोडला.

*

सरांना हसलो, आता मला हसा. सर आले की आठ-आठ दिवस राहायचे. त्यांचं वारं मला लागलं. खोटं कशाला बोलू? गोडच लागायलं.

संध्याकाळी कौसाबाई सिरियल बघते. त्यात सासूनं सुनंच्या दुधात काहीतरी कालवलं. मी खाकरलो आन् म्हणलो, "ही सासू म्हणजे सासू नव्हं. ही व्यवस्था हाय."

कौसाबाईनं मान न वळवता विचारलं, "आन् दूध?"

"दूध म्हणजे... विश्वास."

"मंग सकाळी मांजरानं तोंड घातलेला विश्वास तुम्ही गुपचूप झाकून ठिवला, आन् मी त्याचा चहा केला, त्याचं काय?"

सूनबाई हे लिहिताना हसून राह्यली. हसू दे. तो चहा तिनं बी पिलेला हाय.

मंग भोकरदनला एका लग्नाला गेल्तो. पंगत बसली. वांग्याच्या भाजीत मीठ न्हाई. सगळे आचाऱ्याच्या नावानं बोटं मोडायला लागले. मी हात वर केला. म्हणलो, "थांबा. ही चूक न्हाई. इथं मिठाचं नसणं आपल्याशी बोलून राह्यलंय."

पंगतीनं हात थांबवले. दोन-चार माणसांनी माना डोलावल्या, खोटं न्हाई सांगत. एक पाव्हणा तर भाजीला कान लावायचा राह्यला होता. तेवढ्यात आचारी हात पुसत आला. "पाव्हणं, मीठ विसरलो," म्हणला, आन् माझ्या ताटात मूठभर टाकून गेला.

त्या दिवशी मला कळलं. सरांना एवढं बोलता येतं, कारण त्यांना अजून आचारी भेटलेला न्हाई.

*

गेल्या साली पुस्तक आलं. उशाला घेता येईल एवढं जाड. वर संपतचा फोटो, हात आभाळाकडं. संपतनं त्याच्यावर प्लास्टिकचं कव्हर घातलं आन् हॉटेलात येताना काखेत घेऊन यायला लागला. त्याला बी वाचायचा कंटाळाच, पण त्याला तरी नुसतं कव्हर दाखवून भागत होतं.

मी सूनबाईला म्हणलो, वाच. तिनं वाचलं. त्या गप उभ्या राहण्यावर चाळीस पानं! चाळीस! सरांनी घड्याळ लावून ते मोजलं होतं. 'संपत यांचे मौन हे भूमीचेच मौन होय.' 'संपत यांच्या मौनात पिढ्यांचा हुंदका गोठला आहे.' पानामागून पान संपत, संपत, संपत. कौसाबाईसाठी बी एक पान होतं : 'एका अनाम स्त्रीचा उद्गार'.

"अनाम काय?" कौसाबाई भडकली. "मी त्यांना आठ दिवस भाकरी घातली, तेव्हा नाव होतं की मला!"

"माझं नाव बघ," मी सूनबाईला म्हणलो.

तिनं पुढून बघितलं, मागून बघितलं. शेवटच्या पानावर मी घावलो. तिथं सामानाची यादी होती : पडदा एक. पेटी एक. जनरेटर. दोरी, अर्धी. प्रॉम्प्टर.

दोरीच्या खाली!

तसाच उठलो, संपतच्या घरी गेलो. तो पायरीवर बसून पुस्तकाचं कव्हर पुसत होता.

"संपत्या, ते मौन माझं हाय."

"तुझं? हात कोणाचा वर होता? खांद्यात कळ कोणाला आली?"

"आरं, मी गप बसलो म्हणून तू गप बसला!"

"बरं," संपत म्हणला. "मंग सांग गावाला, तू का गप बसला ते."

मी गप बसलो. ह्या वेळंला खराखुरा. त्याच्यावर कोणी एक ओळ लिहिली न्हाई.

अडचण ध्यानात आली ना? चाळीस पानं माझी. पण ती मागायची तर चारचौघात सांगायचं, की दगडूनानाला वाचता येत न्हाई. हॉटेलातला पेपर गेला, गावातला मान गेला. न्हाई सांगायचं, तर जन्मभर दोरीच्या खाली. आठ दिवस भाकरी गोड लागली न्हाई. कौसाबाईनं विचारलं, पोट बिघडलं का? म्हणलो, व्हय. तीस वर्षांमागं खाल्लेलं बाधलंय.

*

आता तो साप.

जालन्याला कॉलेजात चर्चासत्र ठेवलं. संपतचा सत्कार. एसटीनं आम्ही चौघं गेलो. संपत खिडकीत, इस्त्रीची टोपी वाऱ्यानं बिघडू नये म्हणून हातात धरलेली. उस्मानभाई. मी. आन् कौसाबाई. तिला म्हणलो तू कशाला? म्हणली, "मी अनाम बाई हाय. माझ्याबिगर कसं व्हईल?"

हॉल भरगच्च. संपतला स्टेजवर खुर्ची, शाल, नारळ. सर तास-दीड तास बोलले. शेवटाला म्हणले, "या मौनाविषयी कोणाला काही विचारायचंय?"

पोटातलं वर आलं. मी उभा राह्यलो.

"विचारायचं न्हाई, सांगायचंय. ते मौन माझं हाय. मी पडद्याआड वही वाचायचो. तिथं मला शब्द आला न्हाई. मी चवथी शिकलोय, ती बी ढकललेली. मला वाचता येत न्हाई."

बोललो आन् खाली बसलो. वाटलं, आता लोक हसतील.

कोणी हसलं न्हाई. सर हसले, पण मायेनं. माईकमधी म्हणले, "पाहा! किती हा विनय! स्वतःच्या ज्ञानाचा असा त्याग केवळ लोककलावंतच करू शकतो."

सगळ्या हॉलनं माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या.

आयुष्यात पहिल्यांदा खरं बोललो, तर लोक मानायला तयार न्हाईत! माझं डोकं फिरलं. ताड ताड स्टेजवर गेलो आन् सरांच्या हातातलं पुस्तकच घेतलं.

"विनय? मंग बघा आता!" म्हणलो, आन् मधलं पान उघडून, बोट ठेवून वाचायला लागलो.

"मौन... म्हणजे..."

मागं खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. संपत उठला होता! त्याची काय चूक? तीस वर्षांची सवय. माझा तो आवाज कानावर पडला, की तो उठणारच. शाल एका खांद्यावर टाकली, छाती पुढं काढली आन् हॉल हादरवला :

"मौन! म्हणजे!"

"बोलणंच... असतं..."

"बोलणंच! असतं!"

"परंतु... ते..."

"परंतु! ते!"

आन् उजवा हात आभाळाकडं गेला.

पुढचा शब्द आला. मालगाडीएवढा. पुढचं टोक दिसंना, मागचं दिसंना. मी गप. मी गप म्हणून संपत गप. हात वर. शाल घसरून खाली पडली, त्यानं बघितलं न्हाई. मी पुस्तक जवळ आणलं, लांब नेलं. पंखे तेवढे फिरत होते. मोबाईल धरलेली माणसं शूटिंग करायची विसरली. सरांनी चष्मा काढला, त्यांचे डोळे वाहून राह्यले होते.

आन् मागून, बायांच्या खुर्च्यांतून, आवाज आला :

"आवो संपत भावजी, मायचा हाय म्हणा की बांध! त्येन्च्या तोंडाकडं किती येळ बघता? त्येन्ला न्हाई येत वाचता! एका पानाला माझ्या पाच भाकरी व्हायच्या, तवापासून मला म्हाईत हाय!"

"हा बांध तुझा बी न्हाई, माझा बी न्हाई!" संपतनं तोफ डागली. "हा मायचा हाय!"

अख्खा हॉल उभा राह्यला. खिडकीतली कबुतरं उडाली. उस्मानभाई सवयीनं दोरी शोधायला लागला. सर माईककडं पळाले. "पाहिलंत? पाहिलंत? ती अनाम स्त्री!"

"कौसाबाई!" ती खुर्चीवरून ओरडली. "लिहून घ्या आता!"

त्यांनी लिहून घेतलं. पुस्तक परत छापलं, त्यात तिचं नाव हाय, मोठ्या अक्षरात. यादीत मला दोरीच्या वर घेतलं, तेव्हा सरांची माफी पोचली. येताना एसटीत संपतनं काही न बोलता शाल माझ्या मांडीवर टाकली. "घे," म्हणला. "ह्या साली तू पांघर, पुढच्या साली मी." त्याची बी पोचली.

एकच माणूस राह्यलं. सगळं म्हाईत असून तीस वर्षं मान डोलावली, आन् बोलायला जागा निवडली ती जालन्याचा भरलेला हॉल! आता बी उंबऱ्यावर बसून हे सगळं ऐकून राह्यली, हसून राह्यली, पण माफीचा एक शब्द न्हाई. लिही सूनबाई, लाजू नको, नाव बराबर लिही : तुझी सासू, कौसाबाई.